अर्धं मैदान ओलं

मटाराची पहिली गोणी आली की आमच्याकडे हिवाळा लागतो. त्याआधी थंडी कितीही पडो, शेजारीपाजारी कानटोप्या घालून फिरोत, मी त्याला हिवाळा म्हणत नाही. गोणी येते दिंडोरीकडून, मंदाच्या मळ्यातून. मंदा म्हणजे यांची जुनी विद्यार्थिनी. आता तिला सुना आल्या, नातवंडं झाली, पण गोणीबरोबरचा निरोप दरवर्षी तोच असतो: सरांना सोलायला लावा, नुसतं बसू देऊ नका. सर म्हणजे आमचे हे.

मग आम्ही दोघं गॅलरीत ऊन खात बसतो आणि सोलतो. यांचं सोलणं बघण्यासारखं असतं. पंजा एवढा मोठा की शेंग त्यात हरवून जाते. अंगठ्याने ती फोडायची, दाणे तळहातावर घ्यायचे आणि पातेलं हाताशी असलं तरी ते पायाने जरा लांब सरकवून मग त्यात टाकायचे. दाणा पातेल्यात पडला की माझ्याकडे बघायचं. बाहेर पडला तर दोष शेंगेचा. इतकी वर्षं झाली, या माणसाने सरळ वाकून एखादी वस्तू एखाद्या भांड्यात ठेवलेली मी पाहिलेली नाही.

आणि सालांचा ढीग वाढत जातो तसा तो हिरवा, गोडसर वास येऊ लागतो, आणि मला शेण आठवतं. हसाल, पण खरं आहे. ओलं, नुकतं सारवलेलं शेण, त्यावरून येणारी सकाळची थंड हवा, चुन्याच्या फक्कीचा घशाला लागणारा वास, आणि मांडीवर मटाराच्या शेंगांनी भरलेलं सूप. सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाचा तो हिवाळा. त्यानंतर किती हिवाळे आले आणि गेले, पण माझ्या नाकात घर करून बसला तो हाच.

हे मूळचे येवल्याचे. घरी पैठणीचे माग. मागाखाली खड्डा असतो, विणणारा काठावर बसतो आणि पाय त्या खड्ड्यात सोडतो. मिसरूड फुटायच्या आतच यांचे पाय त्यात मावेनासे झाले. सासरे म्हणायचे, या पोरासाठी खड्डा खणायचा की विहीर? घरातली सगळी माणसं बेताच्या उंचीची, त्यांत हे असे ताडमाड वाढलेले. दारातून आत येताना वाकायचं, पंगतीत बसताना गुडघे कुठे ठेवायचे याची काळजी, एसटीत तर शिक्षाच. या पायांना पहिल्यांदा पुरेशी जागा मिळाली ती बास्केटबॉलच्या मैदानावर.

त्या काळी मोठे कारखाने, बँका खेळाडूंना नोकरी देत. सकाळी हजेरी लावायची, दुपारनंतर मैदान गाठायचं, आणि गावोगावी कारखान्याच्या नावाने खेळायचं. यांना नाशिकरोडच्या एका सरकारी कारखान्याने असंच उचललं. आमची सोयरीक जमली तेव्हा नामपूरला माझ्या आईला हे काही केल्या पटेना. ती शेजारणींच्या देखत मला विचारायची, "तुना नवरा चेंडू खेळस, नि सरकार त्याले पगार देस?" मी हो म्हटलं की ती माझ्याकडे दयेने बघायची. पोरीला फसवलंय आणि पोरीला ते कळलेलं नाही, अशी तिची पक्की समजूत होती. आमच्याकडे कांदा काढल्याशिवाय कुणी कुणाला काही देत नसे.

मी पहिला सामना पाहिला तो लग्नानंतरच्या हिवाळ्यात. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच दिसलं की सगळे उड्या मारत होते आणि खाली येत होते, आणि आमचे हे उडी मारल्यावर खाली यायचं विसरत होते. वर थांबून, इकडेतिकडे बघून, सवडीने चेंडू जाळीत सोडून मग उतरायचे. लोक ओरडत होते. मला एकदम रडू आलं. एवढ्या लोकांचा हा माणूस संध्याकाळी माझ्या हातची भाजी-भाकरी खायला घरी येणार, याचा आनंद होता आणि भीतीही होती.

खेळायचे बूट यांचे खास. घोट्यापर्यंत कापड, खाली जाड रबर. ते स्वतः धुवायचे, खिडकीत वाळवायचे, लेसा वेगळ्या काढून पाण्यात भिजत घालायचे. घरातल्या चपलांच्या रांगेत ते कधी उतरले नाहीत. एकदा ते देवाच्या खालच्या फळीवर ठेवायला निघाले होते. मी ठेवू दिले नाहीत, आणि त्यावरून आमचा लग्नानंतरचा पहिला अबोला झाला.

मग गुडघा गेला. कुणाचा दोष नव्हता. वरून उतरताना खाली दुसऱ्याचा पाय आला, बस्स. प्लास्टर झालं, निघालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की चालाल, सायकल चालवाल, पण पुन्हा उड्या मारायला लागलात तर जन्मभर काठी धरावी लागेल. कारखान्याने माणुसकी दाखवली, नोकरी ठेवली. फक्त आता दिवसभर टेबलाशी बसायचं होतं. यांना टेबलावरचं काम येत नव्हतं, कारण ते कधी करावंच लागलं नव्हतं. कालपर्यंत ज्यांनी खांद्यावर घेऊन मिरवलं ती मुलं आज यांना टपाल कुठल्या खणात ठेवायचं ते शिकवत. आधी आदराने, मग हसत, मग नुसतं हसत.

घरी आले की यांचे हात रिकामे पडत. मांडीवर ठेवायचे, मग उशाखाली घालायचे, मग उगाच पाठीमागे. घरात गोल वस्तू ठेवायची सोय उरली नाही. नारळ असो, कांदा असो, माझ्या लोकरीचा गुंडा असो, हे उचलायचे आणि बोटांवर तोलत भिंतीकडे बघत बसायचे. संध्याकाळी घरी येताना कारखान्याच्या मैदानावरून जाणारा जवळचा रस्ता सोडून रेल्वे फाटकाकडून वळसा घालून यायचे. मी कारण विचारलं नाही. विचारायला काय होतं? नवरा समोर असून हरवलेला असणं म्हणजे काय, ते मी त्या दिवाळीत शिकले.

अशात वसाहतीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. मुलींचा बास्केटबॉलचा संघ करायचाय, संध्याकाळी येऊन शिकवाल का, म्हणाल्या. यांनी चहा होईपर्यंत नाही म्हटलं आणि चहा झाल्यावर पुन्हा नाही म्हटलं. त्या गेल्यावर मला म्हणाले, ज्याला खेळता येत नाही त्याने शिकवायचं, अशी ती गोष्ट असते. मी म्हटलं, बरं, मग उद्यापासून संध्याकाळी माझ्याबरोबर भाजीला चला, पिशव्या धरायला उंच माणूस बरा. दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले.

मैदान म्हणजे नुसता माळ होता. दोन लाकडी खांब, त्यांना कड्या, एका कडीला जाळीचा अर्धा तुकडा. जमिनीत खडे आणि खळगे. चेंडू आपटला की तो ज्याने आपटला त्याच्याकडे परत येईल याची खात्री नाही. हे दोन दिवस जाऊन आले आणि म्हणाले, सिमेंट झाल्याशिवाय तिथे काही होणार नाही, आणि सिमेंट काही होत नाही. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं वाटत होतं. मी तिसऱ्या दिवशी बघायला गेले. मला तर ते सरळसरळ खळं दिसलं.

आमच्याकडे बाजरी काढणीला आली की खळं करतात. जागा खणायची, खडे वेचायचे, पाणी मारायचं, माती धुम्मसाने चोपून चोपून दगडासारखी करायची, मग शेणाने सारवायचं. दाणा टाकला तर तो उडाला पाहिजे, तेव्हा खळं झालं असं म्हणायचं. दाणा उडतो तिथे चेंडू का उडणार नाही? मी हे सांगितल्यावर यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू देवळात चपलेसह शिरले. पण मुलींना पटलं. त्यांतली निम्मी शेतमळ्यांतल्या घरांतली होती. सगळ्यात उंच मंदा, हीच ती मटारवाली, तिच्या घरी शेवंतीचा मळा. तिने घरून दोन धुम्मस आणली, आई आणली, काकू आणली. आठवडाभर आम्ही खपलो. शेवटी सारवण झालं, वाळलं, आणि मंदाने आधी मूठभर बाजरी फेकली. दाणे टणाटण उडाले. मग चेंडू टाकला. तो सरळ वर येऊन तिच्या हातात बसला. यांनी खाली वाकून जमिनीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मुलींच्या आयांचं मात्र जमेना. चड्डी घालून खेळायचं, शिकवणारा पुरुष, आणि थंडीत अंधार लवकर पडतो. म्हणून मी रोज मैदानाच्या कडेला जाऊन बसू लागले. नुसतं कसं बसायचं, म्हणून मटार घेऊन. तरीही मुली गळायला लागल्या, तेव्हा मी संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू घरी न करता मैदानावर केलं. वाण काय, तर कागदाच्या पुडीत सोललेले मटार. बायका नटूनथटून आल्या, फक्कीच्या रेषेशी थांबल्या आणि एकजात सगळ्यांनी चपला काढल्या. सारवलेल्या जमिनीवर पायताण घालून जाणारी बाई आमच्या भागात अजून जन्माला यायची होती. अर्ध्या मैदानावर सतरंज्या, अर्ध्यावर पोरी खेळतायत. करुणाची आईसुद्धा आली. करुणा म्हणजे पलीकडच्या बौद्ध वसाहतीतली, वडील कोर्टात कारकून, पोर बुटकी आणि विंचवासारखी चपळ. तिच्या आईने सांगितलं, आमच्यात हळदीकुंकू नसतं, पण मुलगी कुठे खेळते ते बघायला आले. मी तिळगूळ दिला, मटार दिले. जाताना ती खाली बसली, सारवणावर बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली की पोरीला पाठवीन. जी जागा एवढी निगुतीने सारवलेली आहे, तिथे आपल्या लेकीचं वाईट होणार नाही, असा काहीतरी सगळ्या आयांचा हिशेब झाला असावा.

त्या दिवसापासून नियम कुणी केला नाही, पण झाला. मुली रेषेबाहेर चपला काढायच्या, जमिनीला हात लावून कपाळाला लावायच्या आणि अनवाणी आत जायच्या. खळ्यात पायताण नाही, तसं इथेही नाही. बूट घालून आत जाणारा माणूस एकच होता. पण सरांना कोण सांगणार?

आणि सर तर सारखे आत. खरं सांगायचं तर त्या महिन्यात यांनी काही शिकवलंच नाही. हे खेळत होते. मंदाच्या हातून चेंडू घ्यायचा, असं नाही, असं, म्हणायचं, गुडघा सांभाळत गर्रकन वळायचं आणि टाकायचं. चेंडू कडीतून खाली यायचा. मुली टाळ्या वाजवायच्या. पुन्हा घ्यायचा, पुन्हा टाकायचा. मुली गोल उभ्या राहून बघत, गावात जादूगार आल्यावर बघतात तशा. मंदावर यांचा विशेष राग. तिला वस्तीच्या बसच्या टपावर शेवंतीच्या पाट्या फेकायची सवय, वर उभा राहून भाऊ झेलायचा. तशाच दोन्ही हातांनी, कमरेपासून, ती चेंडू टाकायची. हे तिचं मनगट धरून वळवायचे, कोपर दाबायचे, म्हणायचे, ही पाटी नाही. ती बिचारी अंग चोरून उभी राहायची आणि मग तिला काहीच जमायचं नाही.

पुढे मुलीला भाकरी थापायला शिकवताना मला यांचं दुखणं कळलं. पोरीच्या हाताखाली भाकरी फाटत असते आणि आपले हात शिवशिवतात. घे इकडे, म्हणून आपण ओढून घेतो आणि छान गोल थापून दाखवतो. भाकरी होते, पण ती आपली होते. शेजारी हात बांधून, तोंडाने सांगत, फाटू देणं, यासारखं अवघड काम जगात नाही. ज्याला ती भाकरी येत नाही त्याला हे जड जात नसेल. ज्याच्या हातांना दुसरं काहीच आलं नाही त्याचं काय?

पहिला सामना देवळाली कॅम्पात ठरला. तिथल्या शाळेच्या मुली म्हणजे फौजींच्या लेकी, ताठ आणि तरतरीत. आमच्या पोरींनी आदल्या दिवशी शाळेचे कॅनव्हासचे बूट खडू लावून पांढरेशुभ्र केले, ते घालून बसने आल्या, वाटेत कुणाचा पाय पडू नये म्हणून बसमध्ये पाय वर घेऊन बसल्या. मैदान सिमेंटचं, चकचकीत, चारी बाजूंनी चुना लावलेल्या विटा. आमच्या मुलींनी ते बघितलं, रेषेशी आल्या, आणि सगळ्यांनी पांढरे बूट काढून ओळीने मांडून ठेवले. एवढ्या सुंदर मैदानात बूट घालून कसं जायचं?

पंच फौजेतले हवालदार होते, मोठ्या मिशांचे. त्यांनी ती ओळ बघितली, मुलींचे पाय बघितले, आणि जवळ येऊन अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बेटा, जूते पहनो."

मंदाने विचारलं, "आत?"

समोरच्या मुली हसल्या. प्रेक्षकही हसले, वाईट मनाने नव्हे, पण हसले. आमच्या पोरींनी बूट चढवले आणि जणू दुसऱ्याचे पाय लावून खेळल्यासारख्या खेळल्या. घसरत होत्या. सिमेंटवर चेंडू उसळायचा तो डोक्यापर्यंत. शेणाच्या जमिनीवरचा शहाणा चेंडू त्यांच्या सवयीचा होता. करुणा दोनदा पडली, गुडघे फोडून घेतले, उठली. मंदा चेंडू घेऊन कडीखाली उभी राहायची आणि टाकायचं कसं हेच तिला आठवायचं नाही, कमरेपासून टाकू तर सर रागावतील, सरांसारखं टाकू तर येत नाही. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. हे रेष ओलांडून सरळ आत गेले होते आणि चालू सामन्यात मंदाचं मनगट धरून वळवत होते. शिट्टी वाजली. शिकवणारा आत आला म्हणून समोरच्यांना फुकटात फ्री थ्रो मिळाले. हवालदारांनी यांना खांद्याला धरून बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं आणि जाताना सलाम केला. त्यांनी यांना ओळखलं होतं. तो सलाम यांना शिट्टीपेक्षा जास्त लागला.

आम्ही सपाटून हरलो. घरी आल्यावर यांनी बुटांच्या लेसा काढल्या नाहीत, तसेच भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "उद्या चेंडू शाळेत देऊन येतो. मला शिकवता येत नाही. मला खेळता येत होतं, ते संपलं."

मला त्या दिवाळीतला माणूस पुन्हा दिसला, नारळ तोलत भिंतीकडे बघणारा. या वेळी तो हरवला तर सापडायचा नाही हे मला कळत होतं. उद्या मीही येते, माझी सतरंजी तिथे राहिलीय, एवढंच म्हटलं.

सकाळी गेलो तर धुकं होतं. सरावाची वेळ नव्हती, तरी मुली होत्या. रेषेबाहेर चपलांची ओळ, आणि आत चौघीपाचजणी उकिडव्या बसून सारवत होत्या. अलीकडचं अर्धं मैदान ओलं, पलीकडचं कोरडं. कडीखाली, जिथे हे उभे राहून गर्रकन वळून दाखवायचे, तिथे सारवण उखडून खोलगट झालं होतं, आणि करुणा फुटलेल्या गुडघ्यावर चिंधी बांधून तो खळगा शेणमातीने भरत होती.

यांनी विचारलं, हे काय झालं? करुणाने वर पाहिलं. तिच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. आपण रोज दात घासतो, हे सांगावं तसं तिने सांगितलं.

"तुम्ही आत येऊन जाता ना सर, ते उखडतं. आम्ही रोज सकाळी लिंपतो."

कधीपासून, हे यांनी विचारलं नाही. मग शेजारच्या दगडावर बसले, दुखरा पाय लांब करून, आणि बुटांच्या लेसा सोडायला लागले. लेसा लांब, बोटं थंडीने कडक झालेली. मला वाटलं पुढे होऊन सोडून द्याव्यात. पण मी गेले नाही. त्या दिवशी प्रत्येकाने आपापले हात आपल्यापाशी ठेवायचे होते. बूट निघाले. यांनी ते उचलले आणि मुलींच्या चपलांच्या ओळीत शेवटी ठेवले. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदा कुठल्या ओळीत उतरले.

मग अनवाणी आत जायला निघाले, तर मंदाने न ओरडता नुसता हात वर केला.

"सर, थांबा. वलं हाय अजून."

हे थांबले. मुली पलीकडच्या कोरड्या अर्ध्या भागात खेळायला लागल्या. यांच्यात आणि त्यांच्यात ओलं अर्धं मैदान. जाता येत नाही, हात पोचत नाहीत, चेंडू हिसकावता येत नाही. मंदाने चेंडू घेतला आणि सर लांब आहेत असं बघून कमरेपासून, दोन्ही हातांनी, टपावर पाटी फेकावी तसा टाकला. कडीला लागून बाहेर गेला. यांचे दोन्ही हात वर उठले. हवेतच थांबले. मग पाठीमागे गेले आणि एकमेकांना धरून बसले. घसा साफ करून, जरा मोठ्याने ते बोलले.

"मंदा, पाटीच टाक. पण वर भाऊ उभा आहे असं समज. त्याच्या हातात बसली पाहिजे."

तिने मान हलवली. वर बघितलं, जणू खरंच कुणी उभं आहे. टाकली. जाळीच्या त्या अर्ध्या तुकड्यातून चेंडू सळकन खाली आला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मंदाने चेंडू उचलला आणि पुन्हा टाकला. मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. पहिल्या सामन्यात वर थांबून सवडीने चेंडू सोडताना जे तोंड पाहिलं होतं तेच होतं, फक्त पाय जमिनीवर होते. मी सतरंजी घडी करायची सोडून तिथेच पसरली आणि बसले. चेंडू शाळेत परत गेला नाही, आणि सराव संध्याकाळऐवजी सकाळी, कारखान्याच्या वेळेआधी होऊ लागला.

त्या हिवाळ्याचं उरलेलं सगळं मला असंच आठवतं: धुकं, रेषेबाहेर हात पाठीमागे धरून उभे असलेले अनवाणी हे, आणि मधे ओलं अर्धं मैदान. रोज सकाळी अलीकडचाच भाग ओला असायचा. आता तर आत कुणी बुटाने जात नव्हतं, मग रोज सारवायला काय उखडत होतं? मी मंदाला तिच्या लग्नात विचारलं. ती नुसती हसली. यांना कधी संशय आला का, ठाऊक नाही. आला असेल तर त्यांनीही कधी दाखवलं नाही. ओलं आहे म्हणून बाहेर उभं राहता राहता त्यांना बाहेर उभं राहायची सवय लागली, आणि सवयीचं पुढे काम झालं. पुढच्या हिवाळ्यात देवळालीत काय झालं ते मला विचारू नका, यांना विचारा. दुपार मोकळी ठेवून या, ते एकेक चेंडू सांगतील.

कारखान्यातल्या टेबलावर नंतर त्यांना कुणी हसलं नाही, किंवा हसलं तरी यांच्या लक्षात आलं नाही. बूट वर्षभर खिडकीत होते, मग एका मुलीच्या भावाला झाले. वर्षांमागून वर्षं पोरी येत राहिल्या. कुणी डाव्या हाताची, कुणी भित्री, कुणी घरच्यांशी भांडून आलेली. यांनी एकीलाही टाकून दाखवलं नाही. प्रत्येकीच्या घरचं काम आधी विचारून घ्यायचे, पाणी शेंदतेस का, माळा ओवतेस का, भावंडं कडेवर घेतेस का, आणि मग तिथून सुरुवात करायचे. नारळ घरात निर्धास्त राहू लागले.

परवा करुणाने बोलावलं होतं. ती आता एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, निवृत्तीला आली. तिच्या शाळेचं मैदान सिमेंटचं, निळ्या-हिरव्या रंगाचं. हे काठी टेकत गेले, मी माझी मटाराची पिशवी घेऊन गेले. रेषेशी आल्यावर यांनी चपला काढल्या, काठीने सरळ केल्या आणि बाहेर मांडलेल्या खुर्चीवर बसले. आतल्या पोरी रंगीबेरंगी बूट घालून धावत होत्या, त्यांना गंमत वाटली. त्यांतली एक अगदी लहानगी चेंडू घेऊन यांच्यापाशी आली. करुणाबाईंनी सांगितलं होतं म्हणे, की हे आजोबा पूर्वी हवेत थांबायचे. म्हणाली, आत या ना, एकदाच टाकून दाखवा.

यांनी चेंडू हातात घेतला. बोटांनी त्याला जरा फिरवला, तोलला. मग तिच्या हातात परत दिला.

"नको गं," म्हणाले, "वलं हाय अजून."

पोरीने मागे वळून मैदानाकडे पाहिलं. ऊन पडलं होतं, सिमेंट खडखडीत कोरडं होतं. पलीकडे करुणा शिट्टी तोंडात धरून उभी होती, ती वाजवायची विसरली.